गुरुवारचा ट्रंक कॉल

१९५२ च्या हिवाळ्यात देवासच्या एका शाळेतील टेलिफोनवर दर गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता धारचा आवाज स्पष्ट ऐकू येत असे. देवासचा आवाज मात्र धारला पोहोचत नसे. शुक्रवारी सकाळी तोच टेलिफोन ठणठणीत असे.

धारच्या टोकाला कुसुमावती होती, मुलींच्या शाळेतली शिक्षिका. देवासच्या टोकाला तिचे यजमान, विज्ञानशिक्षक नीलकंठ. लग्नाला सहा वर्षे झाली होती. त्यांतली चार वर्षे दोन गावांत वाटली गेली होती. आता देवासच्या कन्याशाळेत एक जागा निघाली होती. अर्ज करू का, असे तिने पत्राने विचारले, तेव्हा नीलकंठाने सवयीप्रमाणे ‘तुझ्या इच्छेप्रमाणे’ असे लिहिले. उत्तर एका ओळीचे आले : ‘माझी इच्छा मला ठाऊक आहे. तुमची तोंडाने सांगा.’

म्हणून त्याने तीन गुरुवार एक्स्चेंजमार्फत ट्रंक कॉल लावले. तिन्ही वेळा तो घसा फुटेस्तोवर ‘ये, ये’ म्हणाला आणि कानात तिचा आवाज आला, “अहो, आहात ना? बोलत का नाही?” तिसऱ्या वेळी ती “बरं” एवढेच म्हणाली. त्या ‘बरं’ने आठवडाभर त्याला घास गोड लागला नाही. अर्जाची मुदत येत्या शुक्रवारी संपत होती.

त्या गुरुवारी सव्वापाचलाच टेलिफोनचा मेकॅनिक गणोजी मीटर घेऊन हजर झाला.

“मास्तर, हर शुक्रवारी येतो, हर शुक्रवारी सेल बराबर. तुमच्या फोनला गुरुवारचा उपास असतो काय?”

नीलकंठ रिसीव्हर कानाला लावून बसला होता.

“लागला कॉल?”

“नाही. सहाला लागेल.”

“मग कानाला काय धरलंय?”

“तारेची गुणगुण येते,” नीलकंठ म्हणाला आणि ओशाळला. ती गुणगुण धारहून येते असे त्याने मनाशी धरले होते. कॉल जोडेपर्यंत तार एक्स्चेंजच्या पलीकडे जात नाही, हे त्यालाही कळत होते.

गणोजीने टेलिफोनखालची सेलची पेटी उघडली. आत काचेच्या दोन बरण्या, प्रत्येकीत नवसागराच्या पाण्यात एक जस्ताची आणि एक कोळशाची कांडी. मीटरचा काटा हळूहळू खाली चालला होता.

“अरे भिया, हा तर बसत चाललाय! कधीपासून धरलाय?”

“पाचपासून. दर वेळी.”

बोलता बोलताच नीलकंठ थांबला. या सेलचा हा दोष तो दरवर्षी दहावीला तोंडपाठ करायला लावत असे.

“ठेवा खाली!” गणोजी म्हणाला.

रिसीव्हर आकड्याला लागला. पाऊण तास त्याला कोणी हात लावला नाही. नीलकंठ हात मांडीखाली दाबून बसला. सहा वाजून चार मिनिटांनी घंटा वाजली.

“अहो?”

“ये,” तो घसा ताणून म्हणाला. “मला तू इथे हवी आहेस.”



“ओरडू नका,” ती म्हणाली. आवाज ओला होता. “ऐकू येतंय. सकाळीच देते अर्ज.”

शाळेच्या टेलिफोन-वहीत त्याने नोंद केली : ‘ऐकायला या टोकाची वीज लागत नाही, बोलायला लागते. रिसीव्हर उचललेला राहिला की सेलांतून प्रवाह वाहतो. फार वेळ वाहिला की कोळशाच्या कांडीवर हायड्रोजन साचून सेल मंदावतात, आणि विसावा मिळाला की सावरतात. दर गुरुवारी पाच ते सहा रिसीव्हर उचललेला होता. तो मी धरला होता.’