मंडळीच्या पेल्यावरची रेघ

मी एक पितळी पेला बोलतोय. उंचीला वीतभर, खाली बैठक, वर जरासं पसरलेलं तोंड. माझ्यावर नक्षी नाही, कुणाचं नाव नाही. एक बारीक रेघ आहे. तिच्याबद्दल बोलायची मला अजून लाज वाटते, पण ती सोडून माझी गोष्ट पुरी होत नाही.

माझा जन्म नगरच्या तांबट आळीतला. फुटका हंडा, तुटकी समई, चेपलेलं तबक, असं मोडीत आलेलं पितळ वितळवून त्याचा पत्रा केला आणि तो ठोकून मला आकार दिला. मी मूळचा कोणत्या घरचा, हे मला कधीच सांगता आलं नाही. दुकानात आठवडाभर होतो. मग ख्रिस्ती मंडळीचे पाळक भगवानराव आले. त्यांनी मला उजेडात धरून पाहिलं, आत पाणी ओतून पाहिलं, आणि फडक्यात गुंडाळून तट्टावरच्या पिशवीत टाकलं.

नगरचा मुलूख इंग्रजांचा आणि पुढं आष्टी, कड्याचा निजामाचा. हद्दीवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका होता. तिथल्या शिपायानं मला पिशवीतून बाहेर काढलं.

"ये क्या है? शराब पीने का?"

"प्रभुभोजनाचा पेला आहे," भगवानराव म्हणाले. "यात मनुका भिजवलेलं पाणी असतं. मंडळीतल्या सगळ्यांनी एकेक घोट घ्यायचा."

"सब? एकही पियाले से?"

"हो, एकाच."

शिपायानं मला खालीवर पाहिलं आणि परत दिलं. "फिर तो झगडा होगा, साहब," असं म्हणून तो हसला. मला त्याचा फार राग आला.

कड्यापासून दोन कोसांवरच्या एका गावात माझं आयुष्य सुरू झालं. मोठ्या दुष्काळानंतर तिथल्या महारवाड्यातल्या पाच घरांनी बाप्तिस्मा घेतला होता. त्यांनी माळवदाची एक खोली बांधली होती, तेच प्रार्थनाघर. भगवानराव दर दोन महिन्यांनी नगरहून येत आणि प्रभुभोजन देत. एरवी मंडळी सांभाळायचा गहिनीनाथ. तो मंडळीचा वडील, म्हणजे पुढारी होता. वय चाळिशीचं, आवाज खणखणीत.

पहिल्या दिवशी मी त्याच्या हातात गेलो तेव्हा त्यानं मला इतक्या घाईनं तोंडाशी नेलं की दोन थेंब त्याच्या छातीवर सांडले. मग त्यानं डोळे मिटून घोट घेतला. मला माणसांच्या मनातलं कळत नाही. ओठ टेकले की नाही आणि घोट गेला की नाही, एवढंच कळतं. उन्हातून आलेला माणूस विहिरीवर पितो, तसा गहिनीनाथचा तो घोट होता. पिऊन झाल्यावर तो मोठ्यानं म्हणाला, "आमाला वरून वतलेलं पाणी वंजळीनं प्यायची सवय. देवानं पेला हातात दिला."

त्या दिवसापासून मला त्याच्याच घरी ठेवायचं ठरलं. त्याची बायको केशरबाई मला राख आणि चिंचेनं घासायची आणि भिंतीतल्या कोनाड्यात पालथा घालायची. गहिनीनाथ रोज सकाळी माझ्यासमोर उभा राहून प्रार्थना करायचा. मी त्या घरात सुखी होतो.

चार वर्षांनी मांगवाड्यातल्या साखराबाईनं बाप्तिस्मा मागितला. ती विधवा होती, दोरखंडं वळून पोट भरायची. दुष्काळात खडी फोडायच्या कामावर ती आणि गहिनीनाथ एकाच ढिगाऱ्यापाशी बसत. येशूचं नाव तिनं पहिल्यांदा ऐकलं ते त्याच्याच तोंडून. म्हणून मला वाटलं, हा माणूस आता आनंदानं नाचेल.

तो नाचला नाही. त्या रात्री घरात माणसं जमली. त्यांच्यात सिदू होता, मंडळीतला सगळ्यात थट्टेखोर माणूस.

"देव एक हाय, मान्य," सिदू म्हणाला. "पर वडील, पेला बी एकच हाय की!"

सगळे हसले. गहिनीनाथही हसला. मग कुणीतरी त्याच्या लेकीचं, शिवकन्येचं नाव काढलं. तिची सोयरीक बीडकडच्या घरात जमत आली होती, आणि ते लोक ख्रिस्ती नव्हते. "मांगाचं उष्टं पिता म्हणं तुमी, असं इचारलं तर काय सांगशील?" हे ऐकल्यावर गहिनीनाथचं हसणं थांबलं.

साखराबाईचा बाप्तिस्मा झाला. त्याच्या आदल्या दुपारी घरात कुणी नसताना गहिनीनाथनं मला कोनाड्यातून काढलं. मला वाटलं, प्रार्थना करतोय. त्यानं आरी घेतली, चपला शिवायची, आणि माझ्या काठाच्या खाली एक उभी रेघ ओढली. नीट, खोल, बोटाच्या पेराएवढी.

मला काही समजेना. तांबटानं मला हजार वेळा ठोकलं होतं, तेव्हा दुखलं नव्हतं.

रविवारी समजलं. पाळकांच्या हातून मला घेऊन रांगेतून फिरवायचं काम वडिलांचं होतं. महारवाड्यातली माणसं पीत गेली, तेव्हा रेघ पलीकडं होती. साखराबाईजवळ आल्यावर गहिनीनाथनं मला हळूच अर्धं फिरवलं. रेघ तिच्या ओठांकडं गेली. ती प्याली. मग त्यानं मला पुन्हा फिरवलं आणि पुढच्या माणसाला दिलं. भगवानराव डोळे मिटून प्रार्थना करत होते.

मी सुन्न झालो. माझ्या एका तोंडाची त्यानं दोन तोंडं केली होती, आणि तीही प्रभूच्या नावानं.

पुढं पुढं हे सगळ्यांच्या सवयीचं झालं. सिदू तर मला हातात घेताना डोळे उघडून रेघ कुठं आहे ते बघायचा. मांगवाड्यातली आणखी दोन घरं आली. मी फिरत राहिलो. घरी आल्यावर केशरबाई माझी ती बाजू दोनदा राखेनं घासायची, एकदा सगळ्या पेल्याबरोबर आणि एकदा वेगळी.

वर्षातून एकदा कल्हईवाला मुनव्वर आष्टीहून गावात यायचा. भाता लावून बसला की बायका भांडी घेऊन जमत. त्यानं मला चिमट्यात धरलं आणि थांबला.

"अबे गहिनीनाथ, ही एकच बाजू कावून घासता बे तुमी? हितली कल्हई पार गेली, पितळ उघडं पडलं. आन् पलीकडं बघ, जशीच्या तशी हाय."

गहिनीनाथ निखाऱ्याकडं बघू लागला.

"आन् ही रेघ? काढू का घासून? फुकट काढतो. देवाचं भांडं हाय तुमचं."

"ऱ्हाऊ दे ती," गहिनीनाथ म्हणाला.

मुनव्वरनं त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. निखाऱ्यावर ठेवताना त्यानं मला जरा जपून ठेवलं, असं मला वाटलं.

त्यानंतर एका प्रभुभोजनाला मला मोठा धक्का बसला. गहिनीनाथनं मला तोंडाला लावलं, मान वर केली, गळाही हलवला. पण घोट गेलाच नाही. पाणी होतं तेवढंच राहिलं. फिरवलं तरी पाणी आत एकच असतं, हे त्याच्या ध्यानात आलं असावं. माझ्याशिवाय हे कुणालाही कळलं नाही. तोच माणूस, ज्याच्या हातातून पहिल्या दिवशी दोन थेंब सांडले होते! पुढल्या खेपेला पुन्हा तसंच. मग तो उशिरा यायला लागला. मग रानात काम निघायला लागलं. सकाळची प्रार्थना आधी आखूड झाली, मग उभ्याउभ्या, मग नाहीच. कोणत्या दिवशी त्यानं देवाला सोडलं, हे मला विचाराल तर सांगता येणार नाही. तसा दिवस नव्हताच.

शिवकन्येचं लग्न जुन्या रीतीनं झालं. मरीआईला बोकड पडला. मांडवात शिंदीची मडकी आली, आणि पाहुण्यांपैकी एकानं कोनाड्यातून मला उचललं.

"ह्यो बरा हाय. वत ह्यात."

गहिनीनाथ समोर उभा होता. मी वाट बघत होतो की आता तो ओरडेल, हात धरेल. त्याचे ओठ हलले. मग तो म्हणाला, "घ्या पाव्हणं, घ्या." आणि हसला.

शिंदीचा तो आंबूस वास माझ्यात किती दिवस राहिला, कोण जाणे. केशरबाईनं रडत रडत मला घासलं.

भगवानरावांनी मंडळीच्या वहीतून गहिनीनाथचं नाव काढलं. काढताना त्यांनाही फार जड गेलं असं म्हणतात. मी मात्र त्याच्याच घरी राहिलो. नव्या माणसाकडं द्यायचं कुणाला सुचलं नाही, किंवा धीर झाला नाही. दर दोन महिन्यांनी सिदू येऊन मला घेऊन जायचा आणि परत आणून ठेवायचा. दोन वर्षं अशी गेली. त्या घरातून मी प्रार्थनेला जात होतो, घरधनी नाही.

मग एका रविवारी सिदूऐवजी साखराबाई आली. पाळकांनी तिला मुद्दाम पाठवलं की सहज, मला माहीत नाही. ती अंगणातच थांबली.

"वडील, पेला न्याया आलेय."

गहिनीनाथनं मला कोनाड्यातून काढलं, ओसरीच्या पायरीवर ठेवलं आणि दोन पावलं मागं सरला. तिनं मला उचलावं म्हणून.

मला भुईचा गारवा लागला आणि मी हबकलो. शिंदीनंसुद्धा मला एवढा कमीपणा आला नव्हता.

साखराबाई वाकली नाही.

"खाली ठेवलेलं जलमभर उचललं, वडील. भाकर उचलली, चिंध्या उचलल्या. ह्यो न्हाई उचलायची मी."

"साखरा, माझं नाव काढलंय. मला त्याला हात लावायचा हक न्हाई आता."

"मंग भुईवर ठिवायचा हक कुणी दिला?"

आतून केशरबाई म्हणाली, "अगं घे की बाई उचलून. सकाळच्या पारी कावून वाद घालतीस?" पण तिच्या आवाजात जोर नव्हता.

मग गहिनीनाथ पायरी उतरला. त्यानं मला दोन्ही हातांनी उचललं आणि साखराबाईच्या हातात दिलं. त्याची बोटं तिच्या बोटांना लागली. त्यानं ती मागं घेतली नाहीत. ती वळून चालू लागली, तेव्हा त्यानं खुंटीवरचं पागोटं काढलं आणि तिच्या मागं निघाला.

प्रार्थनाघरात तो दारात उभा राहिला. गाणं थांबलं.

"मला बसायचं न्हाई," तो म्हणाला. "एक सांगायचंय. त्या पेल्यावर रेघ हाय. ती मी मारली. मांगवाड्याच्या माणसांनी कुठनं प्यावं, ते कळाया. मीच फिरवत हुतो."

भगवानरावांचा चेहरा पांढरा पडला. इतकी वर्षं त्यांनीच मला भरलं होतं, त्यांनीच आशीर्वाद दिला होता. सिदूनं मान खाली घातली, आणि एकेक करून सगळ्या माना खाली गेल्या. त्यावरून पाळकांना कळलं की एकट्या गहिनीनाथचं हे पाप नव्हतं.

मग साखराबाई बोलली. "मला ठावं हुतं."

"कवापासनं?" गहिनीनाथनं विचारलं.

"पहिल्या दिवसापासनं. अंगठ्याला लागती ना ती. आन् तुमी फिरवायचा ते दिसायचं की. मी काय आंधळी हाय?"

"मंग बोलली कावून न्हाईस?"

"बोलले असते तर पेला बंद झाला असता. मला प्यायचं हुतं, वडील."

मी पितळेचा आहे. तरी त्या शब्दांनी माझ्या आत काहीतरी तडकल्यासारखं झालं. इतकी वर्षं मला वाटत होतं की रेघ फक्त मला आणि महारवाड्याला माहीत आहे. जिच्यासाठी ती मारली, ती बाई त्या रेघेवर बोट ठेवून पीत होती.

गहिनीनाथ दारातच खाली बसला आणि पागोट्यात तोंड घालून रडला. भगवानरावांनी त्या दिवशी त्याला पेला दिला नाही. ते म्हणाले, "आज घाईनं नको. दोन महिने दर रविवारी या, बसा. आणि मी पण माझ्या आंधळेपणाची क्षमा मागेन. मग दोघंही मिळून पिऊ."

ते दोन महिने सोपे गेले नाहीत. गहिनीनाथ पुन्हा मंडळीत बसतो, ही बातमी बीडकडच्या सोयऱ्यांना लागली. त्यांनी शिवकन्येला माहेरी पाठवणं बंद केलं. केशरबाई रोज वाटेकडं बघत बसते. भावकी गहिनीनाथच्या दारावरून जाताना थुंकते. तरी त्यानं एकही रविवार चुकवला नाही. दाराजवळ बसायचा आणि मी दिसलो की नजर खाली घालायचा. लाज वाटून पुन्हा निघून जाईल, ही मला रोज भीती होती.

आज तो रविवार आहे. मनुकांचं पाणी काठापर्यंत भरलंय. आता मला कुणी फिरवत नाही. माणूस माणसाला देतो. भगवानराव प्याले. सिदू प्याला, डोळे मिटून. साखराबाई प्याली आणि तिनं मला शेजारी बसलेल्या गहिनीनाथच्या हातात दिलं.

त्याच्या तोंडाशी मी आलोय. ती जिथं प्याली तिथंच त्याचे ओठ टेकलेत. त्याचा श्वास माझ्यात घुमतोय, पाणी थरथरतंय. केशरबाई बघतेय. घोट अजून गेलेला नाही.

बाबा गहिनीनाथ, सगळे थांबलेत. पी.