भाच्याची पँट माझ्या पोटात

मित्रांनो, मी एक जुनी बॅग आहे आणि मी सूड घेतलेला आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या की शेवटी डोळे पुसतात आणि सगळ्यांना क्षमा करून मोकळ्या होतात, असं तुम्ही शाळेत लिहीत असाल. मी क्षमा केलेली नाही. हे आधीच सांगते, म्हणजे नंतर तुमची फसगत व्हायला नको.

माझा जन्म एका लहान कारखान्यात झाला. तिथल्या मिस्त्रीनं जाड पुठ्ठ्यावर कातडं चढवलं, कोपऱ्यांना पितळी पत्रे ठोकले, दोन खटके बसवले. बॅग तयार झाली की तो बूट काढून तिच्यावर चक्क उभा राहायचा. माझ्यावरही राहिला. मी हूं की चूं केलं नाही. "ही टिकेल," एवढंच तो म्हणाला. मला चाकं नाहीत. माझ्या काळी बॅग हातात धरून न्यायची असे, कुत्र्यासारखी मागून ओढत न्यायची नसे.

मला विकत घेतलं आत्यानं. ती मोठ्या इस्पितळात नर्स होती. जन्मभर दुसऱ्यांच्या उशाशी बसली आणि निवृत्त झाली त्याच आठवड्यात तिनं क्रूझचं तिकीट काढलं. लग्न तिनं केलं नव्हतं. जवळचा म्हणावा असा एकच भाचा; तो म्हणतो म्हणून मीही तिला आत्याच म्हणते. त्याची आई गेली तेव्हा त्याला नीट जेवताही येत नव्हतं. त्याला वाढवला तो आत्यानंच, त्याची दुखणीखुपणी काढली ती आत्यानंच. हे लक्षात ठेवा. माझा राग उगाच नाही.

तेव्हापासून दरवर्षी आमची एक सफर ठरलेली. पहिल्या सफरीत आत्याही नवखी होती. बंदरावर हमालांनी मला नेलं ते थेट संध्याकाळी केबिनच्या दाराशी आणून सोडलं. तोवर तिच्या गोळ्या माझ्या पोटात आणि ती वर डेकवर पाण्याचे घोट घेत बसलेली. पुन्हा असं झालं नाही. गोळ्या, चष्मा, कागदपत्रं आणि कपड्यांचा एक जोड आता खांद्यावरच्या कापडी पिशवीत असतो. ही पिशवी माझी मैत्रीण. बोलभांड आहे, पण खोटं बोलत नाही, आणि मी जिथे नसते तिथलं सगळं तीच मला सांगते.

केबिन आत्या नेहमी खालच्या मजल्यावरची आणि जहाजाच्या मधोमधची घेते. तुम्ही बागेतल्या सी-सॉवर बसता ना? टोकाला बसलेला वर-खाली होतो, मधे उभा राहिलेला जागच्या जागी असतो. जहाजाचंही तसंच. केबिनच्या भिंती लोखंडी असतात हे ओळखून तिनं लोहचुंबकाचे हुक आणले, आणि टॉवेल, टोपी, ओले कपडे सगळं भिंतीवर टांगलं. मला ती अर्धी रिकामी ठेवून नेते, कारण परत येताना बॅग आपोआप भरते. आणि तिचं घड्याळ कायम जहाजाच्या वेळेवर. बंदरावरच्या गावाची वेळ वेगळी असू शकते, आणि जहाज कुणाच्या बापासाठी थांबत नाही. एकदा एक जोडपं दोन्ही हातांत खरेदी घेऊन धक्क्यावर धावत आलं, तोवर जहाज सुटलं होतं. कठड्याशी उभ्या असलेल्या आत्याला फार वाईट वाटलं. पिशवीनं मला ते सांगितलं तेव्हा मी हसले. माझा स्वभावच तसा आहे.

केबिन आवरणारे दादा तिला कप्तानबाई म्हणत. माझे पितळी कोपरे ते आपणहून फडक्यानं पुसत. "चाकांच्या बॅगा येतात आणि लंगडत जातात, ही मात्र आली तशी जाते," असं ते शेजारच्या केबिनमधल्या लोकांना सांगत. ते ऐकून माझी छाती फुगायची. फार सुखाचे दिवस होते ते.

मग मागच्या वर्षी भाचा म्हणाला, "आत्या, तुझं वय झालं. मी येतो बरोबर, तुझी काळजी घ्यायला."

भाचा आता मोठ्या कचेरीत साहेब आहे आणि डोक्यावर त्याच्या चंद्र उगवला आहे. तो आला तो चारही चाकांवर गिरक्या घेणारी गुळगुळीत बॅग घेऊन. केबिनमध्ये शिरताच मला बघून म्हणाला, "हे भंगार अजून आहे? परत गेलो की भंगारवाल्याला देऊन टाकू." आणि त्यानं मला पायानं पलंगाखाली सारलं. पायानं! माझ्या पितळी कोपऱ्यावर तेव्हाचा ओरखडा अजून आहे.

मी तेही पोटात घातलं असतं. पण गडी तिथे थांबला नाही. आत्यानं सांगितलं की पहिल्या दुपारी वरच्या जेवणाकडे जाऊ नको, तिथे जत्रा भरते, खालच्या हॉलमध्ये शांतपणे बसून जेवता येतं. तो वरच गेला. ती म्हणाली, समुद्र हलतोय, बेतानं खा. त्यानं तीन प्रकारचे केक खाल्ले. हिचं सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. शिवाय येताजाता लोकांसमोर म्हणायचा, "आत्याला सांभाळायला आलोय, तिला आता काही सुधरत नाही."

जहाजावर एक टेबल असतं. तिथे नेहमीचे प्रवासी पुढच्या वर्षीची सफर आधीच पक्की करतात. आत्या दर सफरीत तिथे जाते. वर्षभर ती त्याच तारखेकडे बघत जगते. गुडघे दुखले तरी चालायला जाते ते तेवढ्यासाठी. परतायच्या आदल्या दुपारी ती तिथे गेली तर भाचा पाठोपाठ आला आणि टेबलामागच्या ताईंना म्हणाला, "यांचं काही बुक करू नका. यांच्या लक्षात राहत नाही आता काही. ही यांची शेवटची सफर."

ताई गोंधळल्या. म्हणाल्या, "मावशी, उद्या सकाळी यांना घेऊनच या. घरच्यांचं एकमत झालं की करू."

आत्या केबिनमध्ये आली आणि पलंगाच्या कडेवर बसून राहिली. ती रडली नाही. नुसती तळहातावर तळहात ठेवून बसली होती. पिशवीनं मला सगळं सांगितलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला भंगार म्हणाला, ठीक. तिलाही?

मित्रांनो, आता नीट ऐका. शेवटच्या संध्याकाळी मोठ्या बॅगा भरून केबिनच्या दाराबाहेर ठेवायच्या असतात. कामगार त्या खाली नेतात आणि दुसऱ्या दिवशी त्या उतरल्यावर किनाऱ्यावरच्या हॉलमध्येच भेटतात. मधल्या वेळात त्यांना कुणी हात लावू शकत नाही. त्याच संध्याकाळी खरेदी कोंबता कोंबता भाच्याच्या गुळगुळीत बॅगेची चेन तुटली. चाकं गरगर फिरत होती, पण तोंड मिटत नव्हतं. मग साहेबांना माझी आठवण झाली.

"आत्या, तुझं ते भंगार अर्धं रिकामं आहे ना? माझे कपडे त्यात टाकतो."

"टाक की. पण उद्या सकाळचे कपडे आधी बाहेर काढून ठेव बरं का."

"कळतं गं मला! मी काय लहान आहे?"

आत्या जेवायला गेली. भाचा गेला नाही, केक अंगाशी आले होते. पिवळ्या बदकांची अर्धी चड्डी आणि गंजीफ्रॉक घालून तो पोट धरून मला भरत बसला. शर्ट गेले, मोजे गेले, बूट गेले. खुर्चीच्या पाठीवर एक पँट राहिली होती. ती त्यानं उचलली, क्षणभर हातात धरली. मी श्वास रोखला. आणि त्यानं ती माझ्यात कोंबली.

माझा डावा खटका हट्टी आहे. आत्याचा अंगठा सोडला तर तो कुणालाच सरळ लागत नाही. मी अडून बसले असते तर त्यानं चिडून सगळं बाहेर काढलं असतं, आणि पँट त्याच्या लक्षात आली असती. त्या संध्याकाळी मी खटका पहिल्याच झटक्यात लावून घेतला. थोड्या वेळानं दारात कामगार आले आणि मी अगदी आनंदानं खाली गेले.

यापुढचं पिशवीनं पाहिलं. सकाळी आत्या उठली, पिशवीतला कपड्यांचा जोड घातला, चहा घेतला आणि त्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. ताईंनी विचारलं, "भाचे कुठे आहेत?"

"केबिनमध्ये. फोन लावा ना त्याला."

ताईंनी फोन लावला. भाच्याचा आवाज इतका चढला की पिशवीलाही ऐकू आला. "करू नका म्हटलं ना!"

"तसं असेल तर तुम्ही वर या, समोरासमोर बोलू."

"नाही येता येत."

"बरं नाही का?"

"तसं नाही. पँट नाहीये."

"पँट कुठे गेली?"

 तो खेकसला, "बॅगेत टाकली. लक्षात राहिलं नाही."

ताईंनी आत्याकडे पाहिलं. केस नीट विंचरलेले, चष्मा नाकावर, गोळ्या घेऊन झालेल्या. ताई फोनमध्ये म्हणाल्या, "साहेब, काल तुम्ही म्हणालात की लक्षात राहत नाही. ते नक्की कुणाबद्दल?" आणि फोन ठेवून त्यांनी आत्याची पुढच्या वर्षीची केबिन पक्की केली. खालच्या मजल्यावरची, मधोमधची.

केबिन तर रिकामी करावीच लागते. दादांनी भाच्याला चादर देऊ केली, पण चादर जहाजाबाहेर नेता येत नाही. मग काय, बदकांची चड्डी, गंजीफ्रॉक आणि न्हाणीघरातल्या सपाता अशा थाटात साहेब सगळ्या जहाजासमोरून उतरले. हॉलमध्ये मी लांबूनच बदकं ओळखली. एक आजी आपल्या नातीचे डोळे झाकत होत्या आणि स्वतः मात्र बोटांच्या फटीतून बघत होत्या.

भाचा माझ्यासमोर गुडघ्यांवर बसला. डावा खटका त्यानं दाबला, ओढला, ठोकला. मी ढिम्म. "उघड ना गं बाई," तो म्हणाला. पहिल्यांदाच तो माझ्याशी बोलला. मला किती बरं वाटलं ते तुम्हाला सांगू शकत नाही.

तेवढ्यात आत्या आली. तिनं अंगठ्यानं खटका सोडवला, पँट काढून त्याच्या हातात दिली आणि हळूच म्हणाली, "परक्या माणसांसमोर मला विसरभोळी म्हणालास ना, ते फार लागलं रे."

तो पँट तशीच छातीशी धरून उभा राहिला. "चुकलं, आत्या," म्हणाला. तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तिनं माफ केलं. ती नर्स आहे, तिला सवय आहे. मी बॅग आहे.

तर मित्रांनो, तुमच्या घरी माळ्यावर, पलंगाखाली कुणी जुनं पडलं असेल तर त्याला पाय लावू नका. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसानं काही सांगितलं तर कान देऊन ऐका; ती माणसं तुम्हाला माफ करतील, पण त्यांच्या वस्तू करतीलच असं नाही.

आम्ही आता पुन्हा सफरीवर निघालो आहोत. भाचा बंदरापर्यंत सोडायला आला होता. "दे आत्या, मी घेतो," असं म्हणून त्यानं मला दोन्ही हातांनी उचललं. गाडीपासून जहाजापर्यंतची वाट चांगली लांब होती आणि ऊन होतं. अर्ध्या रिकाम्या बॅगेला जितकं जड होता येतं, तितकी मी जड झाले.