आत घेतलेला शर्ट

ताईची प्रार्थना साऱ्या गल्लीला ठाऊक होती. कुणाच्या घरी दुखणं आलं की चर्चच्या पाळकांच्याही आधी तिला बोलावणं जायचं. मशीनवरचं शिवण तसंच टाकून, गळ्यातली टेप काढायचंही भान न राहता ती निघायची. आजाऱ्याच्या उशाशी बसली की रिळावरून धागा सुटावा तसे तिचे शब्द सुटायचे, सरळ, कुठे न गुंतता. शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं, "प्रभू, आमच्या मनासारखं नको, तुझ्या मनासारखं होऊ दे." मग घरातली माणसं डोळे पुसत चहा ठेवायला उठायची.

आता दुखणं तिच्याच घरात ठाण मांडून बसलं होतं. धाकटा भाऊ पाथरवट. जन्मभर त्यानं थडग्यांचे दगड घडवले, त्यांवर लोकांची नावं कोरली आणि त्या दगडांची धूळ त्याच्या छातीत साठत गेली. आईवडील लवकर गेले, तेव्हा ताईनंच त्याला वाढवला. पोरगा असा भराभर वाढायचा की दर वर्षी शर्टाच्या शिवणी उसवून आतलं कापड सोडावं लागे. जरा दमानं वाढ रे, माझं कापड संपलं, असं ती करवादायची. आता सगळं उलटं चाललं होतं. तो वाळत चालला, तसा त्याचा निळा शर्ट ती पुन्हा पुन्हा आत घेत होती. यापुढे औषध फक्त त्रास कमी करण्यापुरतं, असं डॉक्टरांनी तिला दाराबाहेर नेऊन सांगितलं होतं. भावाला ते कुणी न सांगताच कळलं होतं.

त्या दुपारीही ती पलंगाशेजारी तोच शर्ट घेऊन बसली होती.

"ताई, माझा दगड त्या कोपऱ्यावरच्या पाथरवटाकडे देऊ नकोस हं," तो म्हणाला. "त्याची अक्षरं प्यायल्यासारखी चालतात."

ताईला हसू आलं आणि सुई बोटात गेली.

हसता हसता त्याला धाप लागली, ती थांबेना. डोळे विस्फारले. ताईनं त्याचा हात धरला, डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली. शब्द आले, नेहमीसारखे सरळ. ती शेवटच्या वाक्याशी पोचली, तोच त्यानं हात सोडवून घेतला.

"तू एकदम शेवटाला कशी जातेस गं?"

तिला कळेना. मग श्वास गोळा करत करत त्यानं सांगितलं. एका दगडावर त्यानं बागेतला प्रभू कोरला होता, क्रुसावर द्यायला पकडून नेण्याआधीच्या रात्रीचा. "त्यानं आधी मागितलं, ताई. हे मरण नको म्हणाला. जमिनीवर पालथा पडून, घामानं निथळून. एकदा नाही, तीनदा. जागे राहा म्हणून मित्रांना विनवलं, तेही झोपले. शेवटचं वाक्य त्यानंतरचं." जरा थांबून तो म्हणाला, "मी त्याचे गुडघे कोरलेत. घाबरलेल्या माणसाचेच होते ते. मलाही भीती वाटतेय. माझ्यासाठी एकदा तरी हट्ट कर."

ही गोष्ट ताईनं चर्चमधल्या मुलांना कितीदा सांगितली होती. पण त्या घामापाशी ती कधी थांबलीच नव्हती, जणू देवाच्या लेकराला घाबरायची मुभाच नव्हती. आणि आपल्याला ते शेवटचं वाक्य का आवडतं, हे तिला आत्ता उमगलं. जो काही मागत नाही, त्याला कुणी नाही म्हणू शकत नाही.

ती खुर्चीवरून उतरली. फरशीवर गुडघे टेकले, पलंगाच्या लोखंडी कडेला कपाळ लावलं. 

"नको," ती म्हणाली. "ह्याला नेऊ नकोस."

आणि मग बांध फुटला. ती भांडली, गयावया केली. तुलाही आई होती, तिनं क्रुसाखाली उभं राहून सगळं पाहिलं, तुला काय सांगायचं, असंही म्हणाली. नाक वाहत होतं, टेप फरशीवर लोळत होती. नको, नको म्हणता म्हणता तिचा आवाज बसला. शेवटचं वाक्य ओठांशी यायचं आणि परत फिरायचं.

भावाचा हात तिच्या केसांवर आला. धाप जरा उतरली होती.

"राहू दे ताई. तेवढं मी म्हणतो."

आणि तुकड्या-तुकड्यांनी त्यानं ते म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. ताई जागी होती.

घर माणसांनी भरलं. कुणीतरी म्हणालं, ताई, तुम्हीच प्रार्थना करा. तिनं नको म्हणून मान हलवली, त्याला घालायचा निळा शर्ट घेतला आणि खिडकीशी बसून शिवणी उसवायला लागली. आत घेतलेलं सगळं कापड ती सोडत होती. शेजारीण हळूच म्हणाली, "अहो, फार ढगळ होईल त्यांना."

"होऊ दे," ताई म्हणाली. "त्याचं माप हेच आहे."

उसवलेल्या जागी सुईच्या भोकांच्या ओळी राहिल्या होत्या. तिनं इस्त्री फिरवली, पुन्हा फिरवली. भोकं काही बुजली नाहीत. मग तिनं तो शर्ट तसाच दोन्ही हातांवर घेतला आणि भावाकडे आत गेली.