साडूच्या होडीपेक्षा हातभर लांब

मी होडी बोलतेय. शिडाची होडी, ट्रेलरवर बांधून गाडीमागे कुठंही नेता येते अशी. 'कुठंही' हा शब्द विकणाऱ्याचा, माझा नाही. सध्या मी एका घराच्या अंगणात उभी आहे, माझ्या आडव्या डोलकाठीवर बाळाची दुपटी वाळत पडलीयेत आणि मला भयंकर राग आलाय. गोड ऐकायचं असेल तर दुसरी होडी शोधा.

माझा जन्म पत्र्याच्या शेडमध्ये झाला. साच्यात काचेच्या धाग्यांचं कापड अंथरायचं, वर चिकट रसायन ओतायचं, वाळलं की पुन्हा कापड. त्या वासानं कारागिरांचे डोळे चुरचुरायचे. मग त्यांनी माझ्या पोटाखाली एक जाड लोखंडी पातं कायमचं बसवलं. त्या पात्यामुळं जोराच्या वाऱ्यात मी कलते, पण उलटत नाही. पण त्याच पात्यामुळं मी जड आहे. मला खोल पाणी लागतं, ओढायला दणकट गाडी लागते, डोलकाठी उभी करायला दोन धडधाकट माणसं लागतात. यात गुपित काही नाही. विचारलं असतं तर कुणीही सांगितलं असतं.

माझे पहिले मालक खाडीकाठी राहणारे नवरा-बायको होते. त्यांनी मला घेण्याआधी स्वतःची जीप किती वजन ओढते ते तिच्या कागदपत्रांत वाचलं, खाडीत बांबू घालून पाणी मोजलं, मग एक दिवस मला उसनं मागून नेलं. पुष्कळ वर्षं त्यांनी मला वाऱ्यावर खेळवलं. मग त्याची कंबर गेली आणि त्यांनी मला विकायला ठेवलं. जाताना ती माझ्या काठावरून हात फिरवत म्हणाली, "सांभाळून राहा गं बाई."

मी काय सांभाळून राहणार? सांभाळायचं असतं घेणाऱ्यानं!

विक्रीच्या आवारात एका सकाळी हे कुटुंब आलं. तो पुढे, तिच्या कडेवर बाळ, बोटाला चार वर्षांची लेक. बाळाला सर्दी होती. ती एका हातानं त्याचं नाक पुसत होती आणि डोळे माझ्यावर होते.

त्यानं मला कसं निवडलं, ऐका. खिशातून सुतळी काढली. त्या सुतळीला एक गाठ होती. ती गाठ म्हणजे त्याच्या साडूच्या होडीची लांबी! साडूकडे जेवायला गेला होता तेव्हा गुपचूप मोजून आणलेली. माझ्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुतळी धरली. गाठीच्या पुढे मी हातभर उरले. झालं. त्याचा चेहरा असा खुलला की जणू परीक्षेत पहिला आलाय.

"हीच," तो म्हणाला. "आता बोल म्हणावं साडूला."

"अहो, पण आपली गाडी ओढेल का हिला?" तिनं विचारलं.

"गाडीला चार चाकं आहेत की नाही? मग?"

"आणि आपण नेणार त्या तलावात पाणी किती आहे? एवढं मोठं पातं खाली..."

"तू ना, खेळणं घेतानासुद्धा पोराच्या घशात अडकेल म्हणतेस. जरा गाद्या बघ आतल्या. किती मऊ आहेत!"

गाद्या! चप्पल घेताना माणसं पायात घालून दुकानभर फिरतात, कुठं चावते का बघतात. टोमॅटो घेताना दाबून बघतात. आणि ज्या वस्तूवर बायकोपोरांचा जीव ठेवायचा ती सुतळीनं मोजायची? विकणारा शेजारीच उभा होता. त्याला सगळं माहीत होतं. तो म्हणाला, "वहिनी, गाद्यांचं कापड धुता येतं हं."

पुढच्या रविवारी मला तलावावर नेलं. वाटेतल्या प्रत्येक चढावर त्यांची ती छोटी गाडी दमेकऱ्यासारखी धापा टाकत होती. तलावाशी साडू आधीच सहकुटुंब येऊन बसला होता. मुद्दाम बोलावलेला. त्याची लहानशी होडी पाण्यात डुलतही होती. तिचं पातं वर उचलता येणारं, वजन बेताचं. दोघा माणसांनी तिला हातानं ढकलून उतरवलेली. त्याच्या गाडीला शोभणारी आणि त्या उथळ तलावाला मानवणारी. मला तिचा हेवा वाटला.

पाण्यात जाणारा सिमेंटचा उतार होता, खालच्या टोकाला हिरवंगार शेवाळ. आमचे मालक गाडी उलटी घेत मला खाली ढकलू लागले. ती बाळाला घेऊन बाहेर उभी होती. लेक मागच्या सीटवर, खिडकीला नाक लावून.

"थांबा हो, तिला उतरवू दे आधी."

"बसू दे गं. मजा बघू दे तिला."

"शेवाळ आहे तिथं. थांबा म्हणते ना!"

"साडूसमोर तरी आरडाओरडा करू नकोस."

 तिनं बाळ आपल्या बहिणीच्या, म्हणजे साडूच्या बायकोच्या, हातात कोंबलं आणि ती पळत सुटली.

तेवढ्यात माझी चाकं शेवाळावर आली. माझं सगळं वजन मागं ओढू लागलं. मला ब्रेक नाही, हात नाहीत. ब्रेक लावूनही गाडीची चाकं घसरली आणि मी, मला नको असताना, त्या गाडीला पाण्याकडे खेचू लागले. तिनं मागचं दार उघडलं, लेकीचा फ्रॉक मुठीत धरला आणि पोरीला भाजीच्या जुडीसारखं बाहेर ओढलं. दोघी सिमेंटवर आपटल्या. उघड्या दारासकट गाडी त्यांच्या पायांशेजारून खाली गेली. मागच्या सीटवर पाणी शिरलं. मग माझं पातं तळाच्या गाळात रुतलं, म्हणून आम्ही थांबलो. पाणी त्या तलावात इतकंच होतं.

तो खिडकीतून बाहेर आला, गुडघ्यापर्यंत चिखल. साडू काठावरून ओरडला, "काय साडूबुवा, गाडीला पोहायला शिकवताय का?" आणि पोट धरून हसला.

कुणी पोरीचं खरचटलेलं कोपर बघितलं नाही. तिच्या आईशिवाय कुणीच नाही. आणि घरी येताना तो काय म्हणाला? "होडीच अवलक्षणी आहे."

मी अवलक्षणी! मापं तुमची चुकली, हौस तुमची फाजील, आणि नाव माझं खराब!

तेव्हापासून मी अंगणात आहे. लेक अजून झोपेत दचकते. आणि परवा तो पुन्हा साखळ्या घेऊन आला. "या वेळी डिकीत वाळूची पोती टाकतो. म्हणजे गाडी जाग्यावर राहील. साडूला फोन केलाय. चला, पोरांना तयार कर."

ती पायरीवर बसली होती. बाळ मांडीत, लेक पाठीला चिकटलेली. ती उठली नाही.

"तुम्ही जा," ती म्हणाली. "पोरं येणार नाहीत. मी येणार नाही. आणि ताईला सांगितलंय, तीही भावजींना पाठवणार नाहीये."

"म्हणजे? मी एकटाच?"

"होडी तुमची. हौस तुमची. जा की."

तो साखळी हातात धरून उभा राहिला. माझ्याकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं. एकट्याला अडवणारं कुणी नव्हतं. फाटक उघडंच होतं. पण बघायलाच कुणी नाही म्हटल्यावर त्याला तलाव नको झाला. माझ्या अंगाची आग आग झाली. म्हणजे याला वारा नको होता, पाणी नको होतं, मीही नको होते. फक्त साडूचं पडलेलं तोंड हवं होतं! त्यापायी पोर जिवानिशी गेली असती.

त्यानं साखळी खाली टाकली. तो पुटपुटला, "विकून टाकू."

"विका," ती म्हणाली. "पण त्या दिवशी काय झालं ते घेणाऱ्याला सगळं सांगायचं."

"मग कोण घेईल?"

"ज्याला झेपेल तो घेईल."

ऐकलंत? तर तुमच्यापैकी कुणाला मी झेपणार असेन तर या. खोल पाणी असेल, दणकट गाडी असेल, तर मी तुम्हाला असा वारा दाखवीन की घरी परतावंसं वाटणार नाही. नसेल तर लहान होडी घ्या, सुखानं फिरा, त्यात कमीपणा कसला? पण नुसतं कुणाला दाखवायला येणार असाल, तर माझ्या काठाला हातही लावू नका.