मिनिटाला साठ शब्द

‘सदर शाळेतील विद्यार्थ्यांना वाचता येत नाही.’

शिक्षण विभागाच्या गुणवत्ता अहवालातील हे विधान. ते छोटे आहे, ठाम आहे आणि त्याच्याखाली शिक्का आहे. म्हणजे खरे मानले जाण्यासाठी लागणारी सगळी सामग्री त्याच्यापाशी आहे. तपासायचे तेवढे राहून गेले. ‘सदर शाळा’ म्हणजे टँकर धुण्याच्या यार्डामागच्या दोन खोल्या, एक ओटा आणि एक शिक्षिका. ‘विद्यार्थी’ म्हणजे त्या दिवशी एकेक करून आत बोलावलेली दुसरी-तिसरीतली मुले. आणि ‘वाचता येणे’ म्हणजे एका मिनिटात साठ शब्द तोंडावाटे बाहेर टाकणे. ही व्याख्या अहवालाच्या अखेरच्या पानावर इतक्या बारीक अक्षरांत आहे की ती वाचणाऱ्याला स्वतःलाच साठ शब्दांची गती साधणार नाही. एकेका सूत्रापाशी हयात घालवणारे भाष्यकार, त्यांच्या भाष्यावरचे टीकाकार, त्या टीकेवरचे टिप्पणीकार ही अवघी परंपरा या मोजपट्टीने निरक्षर ठरते. तिला वगळून विद्वत्तेची जी व्याख्या उरते ती लिलावात बोली पुकारणाऱ्याला अधिक शोभेल.

राहता राहिले ‘येत नाही’. त्यासाठी त्या खोलीतच जायला हवे.

खोलीत तपासनीस बसला होता. तिशीचा, नीटस, गुडघ्यावर टॅब. समोर तिसरीतली एक मुलगी, केस पाण्याने चापून बसवलेले. शिक्षिकेने आत थांबायचे नाही असा नियम होता, म्हणून बाई ओट्यावर पाण्याच्या पिंपाशेजारी उभ्या होत्या. खिडकीला काच नव्हती. तेवढ्यापुरता नियम तोकडा पडला.

“कर सुरू,” तपासनीस म्हणाला आणि त्याने टॅबवर बोट टेकले.

मुलगी खणखणीत आवाजात वाचू लागली. “गावाच्या टोकाला समुद्र होता. समुद्रात एक दीपस्तंभ होता.” ती थांबली. तिने हात वर केला. “सर, दीपस्तंभ म्हणजे काय?”

तपासनिसाने टॅबवरच्या घड्याळाकडे पाहिले.

“दीप म्हणजे दिवा, ते माहितीये मला. आणि स्तंभ म्हणजे खांब ना? मग रस्त्यावर असतो तसला का?”

तपासनीस टॅबकडे पाहत होता.

“पण समुद्रात कशाला लावतील? तिथं कोण चालतं?” तिने पुन्हा पानाकडे पाहिले, वरच्या चित्रात बोट फिरवले. “होड्यांसाठी असेल. होड्यांसाठीच ना, सर?”

उत्तर आले नाही. हात अजून वरच होता. मग तिचा चेहरा एकदम मवाळ झाला. समोरच्याची अडचण तिच्या लक्षात आली होती.

“तुम्हालापण नाही माहीत? असू द्या सर. आमच्या बाई बाहेरच आहेत. आपण दोघं विचारू या त्यांना.”

“वेळ संपली. पुढच्याला पाठव.”

त्या मिनिटात ती मुलगी साठांच्या आसपास शब्द सहज बोलली असेल. त्यांतले पानावरचे आठ मोजले गेले. बाकीचे तिचे स्वतःचे होते; ते कुणी मोजत नाही. मागून आलेल्या जवळजवळ प्रत्येक मुलाने हाच अपराध केला. कुणाला दीपस्तंभाचा रखवालदार एकटा राहतो तर जेवण कोण नेतो हे हवे होते, कुणाला जहाजाला डोळे नसताना दिवा दिसतो कसा हे. एकाही मुलाला न विचारता पुढे जाता आले नाही, आणि एकाही मुलाला उत्तर मिळाले नाही. दुपारपर्यंत शाळेची गुणवत्ता निश्चित झाली.

या बाईंना वस्तीत सगळे थांबाबाई म्हणत. तोंडावरसुद्धा. “थांब. कळलं का?” हे त्यांच्या तोंडचे वाक्य, ते मुलांच्या तोंडी गेले, मुलांकडून घराघरांत गेले, आणि यार्डातल्या बायाही नवऱ्यांना “थांबा, कळलं का?” म्हणून दटावू लागल्या. बाईंच्या वर्गात एकच कायदा होता. न कळलेला शब्द ओलांडायचा नाही. हात वर करायचा, बाकीच्यांनी थांबायचे, ज्याला ठाऊक असेल त्याने सांगायचे, कुणालाच नसेल तर बाईंनी, आणि बाईंनाही नसेल तर तसे सरळ कबूल करून दुसऱ्या दिवशी शोधून यायचे. एकेक धडा आठवडाभर रेंगाळे. “बाई, तुमची गाडी पहिल्या गिअरमधून कधी निघणार?” असे टँकरवाले बाप विचारत. “निघेल,” बाई म्हणत, “आधी बसलेत का सगळे ते बघू द्या.”

पूर्वी बाई अशा नव्हत्या. पूर्वी त्यांची मुले भराभर वाचत. एका वर्षी याच शाळेला याच विभागाने ‘उत्तम’ श्रेणी दिली होती आणि वाचनात पहिला आलेल्या त्यांच्या विद्यार्थ्याला मंचावर बोलावून अधिकाऱ्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली होती. पुढे तो यार्डात कामाला लागला. एका टँकरच्या तळाशी किती शिल्लक आहे हे पाहण्यासाठी त्याने झाकण उघडून काडी ओढली. जीव वाचला, हात भाजले. बाई इस्पितळात गेल्या तेव्हा दोन्ही हात पट्ट्यांत गुंडाळून तो पडला होता.

“अरे, टँकरवर लिहिलेलं असतं ना?”

“हो की. ज्वालाग्राही. मोठ्या लाल अक्षरांत. वाचला होता बाई मी तो शब्द,” तो म्हणाला. “जोडाक्षर असूनसुद्धा अडखळलो नाही.”

त्याच्या स्वरात शाबासकीची अपेक्षा होती. बाईंनी त्याला शाबासकी दिली, बाहेर आल्या आणि जिन्यात बसून राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून वर्गात तो कायदा आला. तो मुलगा आता यार्डाच्या फाटकावर बसतो. त्याच्या हातांची कातडी मेणासारखी चकाकते. येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला तो टँकरवरचा शब्द वाचायला लावतो आणि मग विचारतो, “म्हणजे काय?” या उपक्रमाचा विभागाच्या कोणत्याही अहवालात उल्लेख नाही.

अहवाल आला. सोबत आदेश आला: महिन्याने फेरतपासणी, तीत सुधारणा न दिसल्यास शाळा बंद करून मुलांचे महामार्गापलीकडील मोठ्या शाळेत समायोजन. समायोजन हा शब्द पाहण्यासारखा आहे. त्यात चार पदरी रस्ता कुठेही दिसत नाही.

बाईंचे यजमान बसचे ड्रायव्हर होते, आता निवृत्त. त्यांनी आदेश वाचला, चष्मा काढला.

“अगं, मला वक्तशीरपणाचं बक्षीस मिळालेलं आठवतंय?”

“भिंतीवर टांगलंय की. रोज मीच पुसते.”

“कसं मिळालं सांगू? त्या वर्षी मी तीन थांबे सरळ गाळले. हात करत धावायची माणसं. आरशात दिसायची. पण गाडी वेळेत पोचली.”

“अहो, हे इतक्या वर्षांनी सांगताय?”

“कुणी विचारलंच नाही. साहेबांनी वेळ विचारली, मी वेळ सांगितली.” त्यांनी आदेशाची घडी घातली. “महिनाभर तूही गाळ. शाळा राहील. मग पुन्हा कर तुझं थांब-थांब.”

सल्ला शहाणपणाचा होता. त्याहून वाईट म्हणजे तो प्रेमाने दिलेला होता. दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गात सांगितले, “आजपासून कुणी थांबायचं नाही. काही कळलं नाही तरी पुढं जायचं.”

“का, बाई?” मागून कुणीतरी विचारले.

“उत्तर नंतर सांगीन.”

मुले वाचू लागली. दोन दिवसांत वेग वाढला. आवाज खिडकीबाहेर पाऊस पडावा तसा एकसारखा येऊ लागला. तिसऱ्या दिवशी दीपस्तंभ विचारणारी ती मुलगी वाचत असताना बाईंच्या लक्षात आले की ती एका बाजूला कलून बसली आहे. तिने उजवा हात मांडीखाली दाबून धरला होता.

“हात दुखतोय का गं?”

“नाही, बाई. तो आपोआप वर जातो. म्हणून त्याच्यावर बसलेय.”

वर्ग खो-खो हसला. मुलगीही हसली. बाईंना हसू आले नाही.

“काढ तो,” त्या म्हणाल्या. “कुठला शब्द होता?”

शाळा वाचवण्याची जी एक वाट होती ती तिथे बंद झाली. बाईंनीच ती केली, भर दिवसा, तीस मुलांसमोर. “करायचं ते केलंस,” यजमान घरी म्हणाले, “आता पुढचं बघू.” त्या रात्री त्यांनी भिंतीवरचे बक्षीस उतरवून ठेवले. पत्नीचे पुसायचे कष्ट वाचावेत म्हणून, असे त्यांचे म्हणणे.

फेरतपासणी तोच तपासनीस घेऊन गेला. उतारा तोच, मौन तेच. आता मुलांना दीपस्तंभ ठाऊक होता. त्यामुळे ती आणखी पुढच्या वाक्यापर्यंत पोहोचली आणि तिथे हात वर करून थांबली.

शाळा बंद करण्यापूर्वी तिचे म्हणणे ऐकून घ्यावे अशी नियमात तरतूद आहे. त्या म्हणण्याचे पुढे काय करावे याविषयी नियम मूक आहेत. सुनावणीला लांब टेबल होते, टेबलाच्या टोकाला संचालक मॅडम, कडेला तपासनीस आणि इतर अधिकारी, कोपऱ्यात इतिवृत्त लिहिणारा कारकून. बाईंना बसायला सांगायचे राहून गेले. कारकुनाने स्वतःहून खुर्ची सरकवली.

“हे बघा बाई, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो,” संचालक मॅडम म्हणाल्या. “पण आकडे बोलतात.”

“मुलंही बोलत होती, मॅडम.”

“म्हणजे?”

“अहवालात लिहिलंय, मुलं निरुत्तर राहिली. निरुत्तर मुलं नव्हती राहिली.”

संचालक मॅडमनी पेन खाली ठेवले. “मूल्यमापन वस्तुनिष्ठ असतं बाई. एकाला उत्तर सांगितलं, दुसऱ्याला नाही, तर तुलना कशी करणार? सगळ्या शाळांना एकच माप लावावं लागतं.”

“लावा ना. पण मापात काय येतं ते तरी बघा. मुलगी थांबली. का थांबली, हे कुणी लिहिलं का?”

“ते तपासलं जात नाही.”

“मग वाचता येत नाही, असं कसं लिहिता? मिनिटात साठ शब्द म्हणत नाही, एवढंच लिहा. मी सही करते त्याच्याखाली.”

टेबलाशी कुणीतरी हसू दाबले. संचालक मॅडमना ते ऐकू आले आणि आवडले नाही.

“तुमच्या पद्धतीनं शिकवलं तर धडा संपणार कधी?”

“उशिरा संपतो,” बाई म्हणाल्या. “ते कबूल आहे मला.” मग त्या तपासनिसाकडे वळल्या. आवाज चढलेला नव्हता. वर्गात उशिरा आलेल्या मुलाला विचारावे तसा होता. “सर, राग नाही माझा. एकच विचारते. ती पोर तुमच्यासमोर हात वर करून बसली होती. तिला वाचता येत नव्हतं, असं तुम्हाला खरंच वाटलं का?”

“त्याचा इथे संबंध नाही,” संचालक मॅडम म्हणाल्या.

पण तपासनिसाने उत्तर दिले. कुणी भाग पाडले नव्हते. टॅब समोर उलटा ठेवून, टेबलाच्या कडेकडे पाहत, तो चार वाक्ये बोलला. कारकुनाने ती वाक्ये जशीच्या तशी उतरवली. संचालक मॅडम म्हणाल्या, “ठीक आहे, नोंद झाली,” आणि पुढचा विषय पुकारला. आठवड्याभरात इतिवृत्त तयार झाले, ते वाचून कायम करण्यात आले, त्यावर तपासनिसासह सगळ्यांनी सह्या केल्या, आणि त्याच इतिवृत्ताच्या आधारे शाळा बंद झाली.

खोटे बोलून केलेल्या अन्यायाला निदान खोट्याचा आडोसा असतो. इथे सत्य सांगितले गेले, ऐकले गेले, लिहिले गेले, आणि त्याने एक कागदसुद्धा हलला नाही.

मुले रस्त्यापलीकडे गेली. पहिलीतली काही तिथवर पोहोचलीच नाहीत. त्यांच्या आया त्यांना यार्डात सोबत नेतात. बाईंना विभागाच्या कार्यालयात टेबल मिळाले. त्यांचे काम टपाल फोडण्याचे. पत्र पुढे कुठल्या साहेबाकडे गेले ते त्या विचारीत, आणि टपाल साचे. शेरा पडला: ‘कामाचा वेग समाधानकारक नाही.’

वर्षअखेरीस मोठ्या शाळेचा अहवाल आला. समायोजित विद्यार्थ्यांच्या वाचनात लक्षणीय प्रगती. हे मात्र अक्षरशः खरे आहे. एका संध्याकाळी ती मुलगी बाईंना रस्त्यात भेटली. दप्तरातून पुस्तक काढून तिने उभ्या-उभ्याच एक पान वाचून दाखवले. सरळ, सफाईने, श्वासही न चुकता. पानात एक शब्द होता जो त्या वस्तीत कुणी कधी ऐकला नसेल. तिने तोही पार केला.

“छान वाचलंस,” बाई म्हणाल्या. “तो मघाचा शब्द, त्याचा अर्थ काय गं?”

मुलगी गोंधळली. “ते नाही विचारत तिथं, बाई.” आणि पुस्तक दप्तरात घालून, उशीर होतोय म्हणून, ती पळाली.

इतिवृत्त विभागाच्या कपाटात आहे. कुणालाही मागून पाहता येते; अद्याप कुणी मागितलेले नाही. तपासनिसाचे उत्तर त्यात शब्दशः असे आहे:

“कळत होतं मला. ती वाचत होती, आणि ज्यांच्या नावापुढं मी ‘वाचता येतं’ अशी खूण केली त्या दुसऱ्या शाळांतल्या मुलांपेक्षा नीट वाचत होती. उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. पण उत्तर दिलं असतं तर माझी तपासणी बाद झाली असती, म्हणून ती विचारत होती तोवर मी घड्याळाकडे बघत राहिलो.”