उजवीकडं ओढायलंय

धम्मपालनं कानावरचा हेडफोन ओरबाडून काढला आणि पलंगावर फेकला. तो पलंगावर काही राहिला नाही. घरंगळून खाली मांडून ठेवलेल्या रिकाम्या घागरींवर आदळला आणि सगळी खोली ठणठणली.

"काय फुटलं रं?" खालून मायनं विचारलं.

"काय न्हाई फुटलं!"

"मग वरडायलास कशाला?"

ओरडायला कारण होतं. पुण्याच्या मॅडमनी आत्ताच फोनवर बजावलं होतं. संध्याकाळी पाचपर्यंत विमानाचं उजवीकडं ओढणं थांबलं तर ठीक, नाहीतर त्याचं दोन वर्षांचं काम बाजूला ठेवायचं आणि जुनी गुणांची पद्धत बसवायची.

मॅडमची कंपनी लढाऊ विमानांचा खेळ बनवत होती. कॉम्प्युटरपुढं बसायचं, टेबलावरचा दांडा मुठीत धरायचा, विमान उडवायचं आणि समोरच्याची विमानं पाडायची. त्यात गोळी लागल्यावर विमानाचं काय होतं, एवढंच ठरवायचं काम धम्मपालचं. उदगीरच्या या माडीवर बसून, जेवणही वरच मागवून, तो ते करत होता. जगातले बहुतेक खेळ या बाबतीत धडधडीत खोटं बोलतात असं त्याचं मत होतं, आणि ते तो कुणालाही, न विचारता ऐकवायचा. विमानाला शंभर गुण द्यायचे, गोळी लागली की दहा कापायचे. नव्वद कापले तरी विमान वरातीतल्या घोड्यासारखं ताठ चालणार आणि शेवटच्या दहाला एकदम फटाक्यासारखं फुटणार. असं कुठं असतं का?

त्याच्या विमानात, म्हणजे त्यानं लिहिलेल्या मॉडेलमध्ये, तसं नव्हतं. पंखाला भोक पडलं की तिथं हवा अडायची आणि तेवढा पंख मागं खेचला जायचा. डावी टाकी गळाली की डावी बाजू हलकी, उजवी जड. मग दांडा उलट्या बाजूला रेटून धरायचा, घरी पोचेपर्यंत धरायचा, हात भरून आला तरी सोडायचा नाही.

"दुखलंय तर दुखलेलं दिसलं पाहिजे," तो मॅडमशी भांडायचा. "खोटं ताठ चालणं मी लिहिणार नाही."

आणि आता त्याच्या मॉडेलचा गळा धरला होता तो त्याच्याच बापानं.

साहेबराव सोनकांबळे वायुसेनेत फिटर होते. विमानाचा सांगाडा, पंख, पत्रा यात त्यांची उमर गेली. शेवटची नोकरी जवळच बिदरला झाली आणि तिथून निवृत्त होऊन ते उदगीरला आले. खेळ तपासायला असा माणूस मिळाला म्हणून मॅडम हरखल्या होत्या. खेळाच्या शेवटी पडद्यावर त्यांचं नाव येणार होतं आणि ही गोष्ट साहेबरावांनी बसस्टँडपासून तहसीलपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवली होती. पण दोन आठवड्यांपूर्वी त्यांनी कळवलं की एकही गोळी न लागलेलं, धडधाकट विमान उजवीकडं ओढतंय. बाकीच्या तपासणाऱ्यांना तसं काही जाणवलं नव्हतं. पण मॅडम म्हणाल्या, बाकीची पोरं नुसती खेळतात, खऱ्या विमानाला हात लावलेला माणूस एकच आहे, मी त्यांचं ऐकणार.

धम्मपालनं पंखांची वजनं तपासली. हवेचा अडथळा तपासला. दांडा बदलून पाहिला. त्याच्या हातात विमान नाकासमोर जात होतं. बापाच्या हातात गेलं की उजवीकडं.

जिन्यावर चपलेचा आवाज आला. एक पाऊल टप्प, दुसरं खर्रर. साहेबराव धरण्यावरून परतले होते. उदगीर जिल्हा व्हावा म्हणून तहसीलसमोर मांडव पडला होता आणि ते रोज जेवून तिथं जाऊन बसायचे.

"झाला का जिल्हा?" धम्मपालनं मान न वळवता विचारलं.

"व्हईल की. लातूरचा न्हाई झाला का? आमच्या डोळ्यासमोर झाला."

"त्या लातूरला रेल्वेनं पाणी आणायले बाबा! जिल्हा होऊन त्यांनी काय केलं?"

"रेल्वेनं का हुईना, आणायले ना? जिल्हा हाय म्हनून आणायले. आपल्याला कोन आणतंय? उद्या हितं कलेक्टर आला, त्याच्या बंगल्याला नळ लागंल. नळ बंगल्यापातुर आला म्हंजी गल्लीत यायला किती येळ?"

धम्मपालनं टेबलावरचा पेपर उचलून त्यांच्यापुढं धरला. मांडवाचा फोटो छापून आला होता. सगळे मुठी वर करून ओरडत होते. सगळ्यांच्या उजव्या, साहेबरावांची तेवढी डावी.

"सगळ्यांच्यात उठून दिसताव. कवायतसुद्धा इसरलाव का?"

साहेबरावांनी पेपर घेतला, घडी केली आणि काखेत धरला.

"फोटो काढनारा डाव्या बाजूला व्हता," ते म्हणाले. "तुज्या इमानाचं काय झालं?"

"इमानाला काय झालंच न्हाई! दोन्ही पंख गुंजेगुंजेनं सारखे हायत."

"मग पट्टी वाकव."

"झालं तुमचं सुरू."

"आरं, पंखाच्या मागच्या कडंला बोटभर पत्र्याची पट्टी असती. पायलट म्हनला इमान अमक्या बाजूला ओढायलं, की फिटरनं ती नखभर वाकवायची. हवेचा रेटा बसतो, इमान सरळ. एक स्क्वाड्रन लीडर व्हता, त्याचं इमान..."

"बाबा, ज्याच्यात दोष न्हाई त्याची पट्टी मी का वाकवू? ते खोटं हाय!"

त्या स्क्वाड्रन लीडरची गोष्ट धम्मपालनं आजवर कधीच शेवटपर्यंत ऐकली नव्हती. आजही ती तिथंच मेली.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाला टँकरचा भोंगा वाजला. आठवड्यानं आला होता. खाली पळापळ सुरू झाली, बादल्यांची टक्कर, बायकांची भांडणं. माय धापा टाकत वर आली आणि घागरी उचलू लागली. साहेबराव खुर्चीजवळ उभेच होते. जाता जाता तिनं त्यांच्या सदऱ्याच्या बाहीची सुटलेली गुंडी लावली.

"तुमी बसा वर. धम्मा, तू चल."

"का बरं, त्येंनी का बसायचं?" धम्मपालचा सगळा दिवस त्या एका वाक्यात आला. "महिना झालं बघायलोय. पाण्याला तू जायचं, न्हाईतर मी. ह्येंना तहसीलसमोर जिल्हा मागायला जमतंय, घागर उचलायला जमत न्हाई!"

मायनं डोळे वटारले. साहेबरावांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"मी तवर एक चक्कर उडवून बघतो," ते म्हणाले. "दार लोटून जा. पायलटच्या मागं कुनी उभं ऱ्हायचं नसतं."

हा त्यांचा नियम होता. ते उडवायला बसले की खोलीत कुणी थांबायचं नाही.

टँकरच्या पाइपाखाली नेहमीची झोंबाझोंबी होती. धम्मपाल उंच होता, कोपरं मारायला त्याला लाज वाटत नव्हती, त्यामुळं पहिली घागर लवकर भरली. चपला त्या रेट्यात कुठंतरी गेल्या. ओल्या अनवाणी पायांनी तो जिना चढला. पायांचा आवाज झाला नाही. दार लोटलेलं होतं पण वाऱ्यानं वीतभर उघडलं होतं.

साहेबराव खुर्चीत बसले होते. डाव्या हातानं त्यांनी आपलं उजवं मनगट धरलं. मनगट उचललं, एखादी वस्तू उचलावी तसं, आणि तो हात नेऊन दांड्यावर ठेवला. मग एकेक बोट दांड्याभोवती बसवलं. अंगठा निसटला. त्यांनी तो परत बसवला.

पडद्यावर विमान धावपट्टी सोडून वर गेलं आणि उजवीकडं कलू लागलं. हात आपल्या वजनानं बाहेरच्या बाजूला लवंडत होता आणि दांड्याला सोबत घेऊन चालला होता. साहेबराव दात आवळून डाव्या हातानं तो आत रेटत होते.

घागर धम्मपालच्या खांद्यावरच होती. पाणी हिंदकळून मानेवरून पाठीत उतरलं. तो जसा आला तसाच, एकेक पायरी चाचपत, मागं उतरला.

माय टँकरजवळ दुसरी घागर लावून उभी होती. त्याच्या खांद्यावरची भरलेली घागर तिनं पाहिली.

"ही परत कशाला आनलीस?"

"माय, बाबांच्या हाताला काय झालंय?"

तिनं पाइपाकडं पाहिलं. मग आजूबाजूच्या बायकांकडं पाहिलं आणि आवाज खाली घेतला.

"अंगावरून वारं गेलं. सक्रातीच्या आदी. थोडंसंच. डाक्टरनं गोळ्या दिल्यात, हळूहळू येईल म्हनलाय हात."

"आणि मला सांगितलं न्हाईस?"

"त्येंनी शपत घातली. म्हनले, पोराला कळलं तर ते काम टाकून मला लातूरला दवाखान्यात घेऊन बसंल. आन् तुजं काम तर..." घागर भरून वाहू लागली. मागची बाई ओरडली. मायनं घागर कमरेवर घेतली. "त्येंच्या नावाचं तेवढं होऊ दे रं. नाव येनार म्हनून रोज दाढी करायलेत, डाव्या हातानं."

पाचला थोडा अवकाश होता तेव्हा साहेबराव खाली झोपायला गेले. धम्मपाल कॉम्प्युटरपुढं बसला. प्रत्येक उड्डाणात दांडा कुठं होता याची नोंद खेळ आपोआप ठेवत असे. दोन आठवडे तो फक्त पंख बघत बसला होता. आता त्यानं दांड्याची नोंद उघडली. सरळ जायला हवी ती रेघ पहिल्या दिवसापासून उजवीकडं झुकलेली होती. कुठं थोडी सरळ व्हायची, दम लागल्यासारखी थरथरायची आणि परत झुकायची. त्यानं तिचं चित्र काढून मॅडमना पाठवायच्या पत्राला जोडलं. मॉडेल निर्दोष होतं. याच्याइतका धडधडीत पुरावा जगात दुसरा नव्हता.

मॅडमचा फोन ठरल्याप्रमाणं आला.

"सापडलं?"

"सापडलं."

"कुठं होतं? मॉडेलमध्ये, का तपासणाऱ्याकडं? हे बघ, तुझ्या वडिलांचाच काही घोटाळा असेल तर मोकळेपणानं सांग. वय झालं की होतं. आपण दुसरा माणूस शोधू. मग नावही त्याचंच टाकू."

धम्मपालनं पत्राला जोडलेल्या त्या रेघेकडं पाहिलं. खालून टप्प, खर्रर असा आवाज आला. साहेबरावांना झोप लागली नव्हती. त्यानं बोट पुढं केलं आणि रेघ पुसून टाकली.

"मॉडेलमध्ये," तो म्हणाला.

"मॉडेलमध्ये? म्हणजे दोन आठवडे तू माझ्या डोक्यावर बसून जे..."

"हो. माझं चुकलं."

हा माणूस असं बोलेल याची मॅडमना सवय नव्हती.

"मग आता ते दुरुस्त करत बसायला वेळ नाही, गुणांची पद्धत बसवावी लागेल, धम्मपाल. माझा नाइलाज आहे."

"बरं."

"तुझी तब्येत बरी आहे ना?"

"मला काय झालंय? बाबांचं नाव राहील ना?"

"म्हणजे काय! चूक त्यांनीच तर पकडली."

त्यानं फोन ठेवला. हेडफोन या वेळी टेबलावरच, हळू ठेवला. मग स्वतःचं मॉडेल उघडलं. कंपनीनं टाकून दिलेलं ते आता फक्त या माडीवर उरलं होतं. त्यानं पंखाच्या मागच्या कडेला एक बोटभर रुंद पट्टी लिहिली आणि ती नखभर वाकवली. मग जिन्याशी जाऊन हाक मारली.

"बाबा, जरा येताव का? उडवून बघा."

साहेबराव आले, खुर्चीत बसले आणि दाराकडं पाहत राहिले. धम्मपाल दाराकडं गेला, पण बाहेर पडला नाही. पाठ करून घागरींवरचे पंचे नीट करत बसला. मागं खुर्ची करकरली. इंजिनाचा आवाज वाढला, विमान वर गेलं. आवाज एका लयीत चालू राहिला. बराच वेळ.

"आलं का सरळ?" त्यानं पाठमोऱ्यानंच विचारलं.

"आलं."

इंजिन चालूच होतं.

"किती वाकवलीस?"

"नखभर."

विमानानं एक लांब वळण घेतलं, खाली आलं, चाकं टेकली, इंजिन बंद झालं. धम्मपालनं वळून पाहिलं तेव्हा त्यांनी डाव्या हातानं उजवा हात दांड्यावरून उचलला आणि मांडीवर आणून ठेवला. सावकाश, त्याच्या डोळ्यांदेखत.

"त्या स्क्वाड्रन लीडरचं इमान लई गुनी व्हतं," ते म्हणाले. "दुसरा कुनी बसला की नाकासमोर जायाचं. आमी त्याच्यापुरती पट्टी वाकवायचो. त्याला कदी सांगितलं न्हाई. कागदावरबी लिवलं न्हाई. तो उतरला की परत सरळ करून ठेवायचो."

त्यांनी पडद्याकडं मान हलवली.

"सरळ करून ठेव. उद्या तुला उडवायचं असंल, तर तरास नको."