मी बीव्हर बोलतेय, विकाऊ नसलेली

मी एक बीव्हर आहे, दातांनी झाडं पाडून पाणी अडवणारी. कॅनडात, क्वीबेकमधल्या एका लहानशा ओढ्यावर माझं धरण आहे. बोलतेय खरी, पण तुमच्यावर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकते.

दोन वर्षांची झाले तेव्हा आईने मला घराबाहेर काढलं. आमच्यात तशीच रीत असते. हिंडत हिंडत इथे आले. जोडीदार मिळाला. आम्ही दोघांनी झाडं पाडली, चिखल थापला, पाणी अडवून तळं केलं. पुढे तो सापळ्यात सापडला. पिल्लं आणि धरण, दोन्ही माझ्या एकटीच्या अंगावर पडली. तेव्हापासून काठावर माणसाचा वास आला की मी आधी बुडी मारते.

एका वसंतात ओदील आली. ती शहरात अर्थशास्त्र शिकवते. तळ्यात काठ्या रोवून ती पाणी मोजू लागली. मला वाटलं, हा सापळ्याचाच नवा प्रकार असणार. सोबत तिची शाळेपासूनची मैत्रीण फेर्नांद होती, इथल्याच गावातली.

"गावातल्या त्या व्यापाऱ्याला, रेजांला, इथे गोदाम बांधायचंय," ओदील म्हणाली. "आणि गावाच्या हिशेबात या तळ्याची किंमत शून्य आहे! पूर अडतो, विहिरी भरतात, ते कुणी धरतच नाही."

"माझंसुद्धा कुठे धरलं होतं?" फेर्नांद म्हणाली. तिने अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याचं मरेपर्यंत सगळं केलं होतं.

"म्हणून तर तुझ्या कामाचाही आकडा काढला ना मी!"

उन्हाळ्यात गावची पंच मंडळी तळं बघायला आली. रेजांही सोबत होता. गावचे महापौर गारो घाम पुसत होते. मी घराजवळ, नाक नि कान तेवढे पाण्याबाहेर ठेवून ऐकत होते.

ओदीलने सांगितलं, "हे तळं गावाचे वर्षाला चाळीस हजार डॉलर वाचवतं."

मग रेजां हसला. ते हसू मला मुळीच आवडलं नाही.

"एवढंच ना? दहा वर्षांचे पैसे आत्ता देतो. तळं माझं."

"अहो, मी विकायचं म्हटलंच नाही!" ओदीलचा चेहरा उतरला.

"मग बाई, भाव कशाला सांगितलात?"

गारोसाहेबांचा चेहरा मात्र खुलला होता. संपलं, असं मला वाटलं. पिल्लांना घेऊन कुठे जायचं, याचाच विचार करत होते.

तेवढ्यात फेर्नांद पुढे आली. "रेजां, माझ्या कामाचाही आकडा हिने काढलाय. भरवणं, पुसणं, रात्र रात्र जागणं. नर्स ठेवली असती तर किती लागले असते, ते. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? कुणीतरी बघितलं तरी. पण तू तेवढे पैसे माझ्या हातावर ठेवले असतेस, तर मी नवरा तुझ्या हवाली केला असता होय रे?"

मागून कुणीतरी खुदकन हसलं. रेजां हसला नाही.

ओदील सावकाश म्हणाली, "शून्य लिहिलं की तुम्ही फुकट समजता. आकडा लिहिला की विकत मागता. चूक माझीच आहे. काय विकायचं नाही, ते आधी ठरवायला हवं होतं. आकडे त्यानंतर. आणि ते ठरवणारी मी कोण? गावाने ठरवावं."

"मग आता हिशेबात लिहू काय मी?" गारो वैतागले.

"लिही की, विकायचं नाही!" फेर्नांद म्हणाली. "फुकटचं नाही आणि विकाऊही नाही. एवढं लिहायला येतं ना?"

हात वर झाले. एका हाताच्या फरकाने धरण वाचलं. जाताना रेजां गारोसाहेबांच्या कानाशी लागला, "निवडणूक होऊन जाऊ दे, मग बघू." माझे कान तिखट आहेत.

आता रस्त्यावर पाणी येऊ नये म्हणून गावाने धरणातून पाणी काढून देणारा एक नळ घातलाय. मी तो चिखलाने बुजवायला गेले, पण जमलं नाही. तळं वीतभर उतरलं. पिल्लांना पुरतंय, म्हणून मीही गप्प बसलेय.

कधीमधी त्या दोघी काठावर येऊन पाव खातात. ओदील आता काही मोजत नाही, नुसती बघत बसते. कदाचित ती भली बाई असेल. तुम्हीही भले असाल.

या, बसा काठावर. बसायला कुणाची ना नाही. मी मात्र तुम्ही उठून जाईपर्यंत पाण्याखालीच राहीन.